अपघाताच्या दुरुस्तीनंतर हायब्रिड गाडीचे ब्रेकिंग बदलले असेल तर कारण कसे शोधावे

अपघातानंतर दुरुस्त होऊन आलेली हायब्रिड गाडी पुष्कळदा दिसायला अगदी पूर्ववत असते. पत्रा सरळ झालेला असतो, रंग जुळलेला असतो, डॅशबोर्डवर इशाऱ्याचा एकही दिवा नसतो. आणि तरीही ब्रेकवर पाय ठेवताच चालवणाऱ्याला काहीतरी वेगळे जाणवते. कोणाला ॲक्सिलरेटरवरून पाय उचलल्यावर गाडी पूर्वीसारखी मंदावत नाही असे वाटते, कोणाचे ब्रेक सुरुवातीला हलके लागून मग एकदम पकडतात, तर कोणाला चार्जिंग दाखवणारा काटा पूर्वीइतका खाली जाताना दिसत नाही. वर्कशॉपमध्ये तक्रार नेली की ‘हायब्रिडचे असेच असते’ हे उत्तर मिळते. ते उत्तर काही वेळा खरेही असते, म्हणूनच ते केव्हा खरे मानावे आणि केव्हा मानू नये हे स्वतःला ठरवता आले पाहिजे. पुढील पद्धत त्यासाठी आहे.

ब्रेकच्या बळाची वाटणी कोण करते

साध्या गाडीत पेडल दाबले की ब्रेक ऑइलचा दाब थेट चाकांपर्यंत पोहोचतो. हायब्रिडमध्ये मात्र पेडल ही बहुतांशी एक मागणी असते. पेडल किती आणि किती वेगाने दाबले हे सेन्सर मोजतो, ब्रेकचा संगणक त्यावरून एकूण किती बळ हवे ते ठरवतो आणि हायब्रिड प्रणालीच्या संगणकाला विचारतो की यातले किती तू उचलू शकतोस. ती प्रणाली मोटरला जनरेटर म्हणून चालवून गाडीची गती विजेत बदलते व ती वीज बॅटरीत भरते. उरलेले बळ ब्रेक पॅड आणि डिस्क यांच्या घर्षणातून येते. ही वाटणी सेकंदाच्या लहानशा भागात पुन्हा पुन्हा होत राहते, आणि वेग ताशी दहा-पंधरा किलोमीटरच्या खाली येऊ लागला की मोटरचा वाटा कमी होत जाऊन गाडी शेवटी घर्षणाच्या ब्रेकवरच थांबते. पायाखालचा प्रतिसादसुद्धा अनेक गाड्यांत स्प्रिंग आणि रबर वापरून मुद्दाम तयार केलेला असतो.

यातून लक्षात घ्यायची गोष्ट अशी की ‘रीजनरेटिव्ह ब्रेक’ (म्हणजे मोटरने वीज बनवत केलेले हे ब्रेकिंग) नावाचा, खोलून बदलता येईल असा कोणताही एक भाग गाडीत नसतो. तो संगणकाचा निर्णय असतो, आणि निर्णय मिळालेल्या माहितीवर होतो. म्हणून दुरुस्तीनंतर ब्रेकिंग बदलले असेल तर ‘मोटरला काय झाले?’ या प्रश्नापेक्षा ‘संगणकाला कोणती माहिती चुकीची किंवा अपुरी मिळते आहे?’ हा प्रश्न बहुतेक वेळा अधिक लवकर कारणापर्यंत नेतो. वाटणीतील बारीकशी गडबडही पायाला किती जाणवते याचा दाखला प्रसिद्ध आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये टोयोटाने प्रायससह चार लाखांहून अधिक हायब्रिड गाड्या परत बोलावल्या. त्यांत कोणता भाग तुटला नव्हता. खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) चालू होताना ब्रेकची पकड क्षणभर सुटल्यासारखी वाटत होती, आणि उपाय होता संगणकातील प्रोग्रॅम बदलणे.

बॅटरीची मर्यादा आधी वगळावी

एक छोटा हिशेब येथे उपयोगी पडतो. १,५०० किलो वजनाच्या गाडीत ताशी ६० किलोमीटर वेगाला सुमारे २०८ किलोज्यूल, म्हणजे जेमतेम ५८ वॉट-तास इतकी गतिज ऊर्जा असते. ही ऊर्जा फार नाही. पण ती थोड्या वेळात भरावी लागते आणि अडचण तिथे येते. त्या गाडीचा वेग दर सेकंदाला एक मीटर प्रति सेकंद एवढ्या सौम्य दराने कमी करायचा म्हटले तरी ताशी ६० किलोमीटरला सुमारे २५ किलोवॉट आणि ताशी १०० किलोमीटरला सुमारे ४२ किलोवॉट शक्ती काढून घ्यावी लागते. हायब्रिडची बॅटरी लहान असते. टोयोटाच्या दुसऱ्या पिढीतील प्रायसची बॅटरी २०१.६ व्होल्ट आणि ६.५ अँपिअर-तासांची, म्हणजे सुमारे १.३ किलोवॉट-तासांची होती, आणि तीही कधी पूर्ण भरू किंवा पूर्ण रिकामी होऊ दिली जात नाही. एवढीशी बॅटरी गार असली, तापलेली असली किंवा आधीच बरीच भरलेली असली की ती कमी वीज स्वीकारते, आणि ब्रेकचा संगणक तितका भार घर्षणाकडे वळवतो.

गाडी कित्येक आठवडे वर्कशॉपमध्ये उभी राहिलेली असते, ती थंड असताना ताब्यात घेतली जाते, आणि पहिल्याच फेरीत मालक चार्जिंगच्या काट्याकडे रोखून पाहतो. अशा वेळी काटा कमी हलला तर त्यात नवल नाही. अर्धा तास सामान्यपणे चालवून, बॅटरीची पातळी पडद्यावर साधारण मध्यावर आल्यानंतरच मत बनवावे. लांब उतारावरून आल्याआल्या तर कोणताही निष्कर्ष काढू नये, कारण तेव्हा बॅटरी भरलेली असते आणि जास्तीची ऊर्जा घालवण्यासाठी इंजिन विनाकारण जोरात फिरल्यासारखे ऐकू येते. तो बिघाड नव्हे.

दुसरी निरुपद्रवी शक्यता सेटिंगची. दुरुस्तीत बारा व्होल्टची बॅटरी बहुधा सोडवलेली असते. ज्या गाड्यांत पाय उचलल्यावरच्या मंदगतीची पातळी मेनूतून किंवा स्टिअरिंगमागच्या पॅडलने निवडता येते, त्यांत ती निवड मूळ स्थितीला गेलेली असू शकते. ड्राइव्ह मोडही बदललेला असू शकतो. हे तपासायला दोन मिनिटे लागतात आणि तरी ते बहुधा सर्वांत शेवटी आठवते.

तिसरी शक्यता डिस्कवरील गंजाची आणि नव्या पॅडची. उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज चढतोच, पण हायब्रिडमध्ये हलके ब्रेकिंग मोटरच करत असल्याने तो लवकर घासून जात नाही. शेवटच्या काही मीटरांत येणारी खरखर आणि थोडी असमान पकड ही बरेचदा त्याची खूण असते.

रस्त्यावरची चाचणी

चाचणीसाठी सरळ, सपाट, कोरडा आणि रिकामा रस्ता निवडावा, टायरमधील हवा आधी तपासावी आणि शक्य असेल तर शेजारी नोंद घ्यायला दुसरी व्यक्ती बसवावी. प्रत्येक प्रयोग दोन्ही दिशांनी किमान तीनदा करावा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा चढ-उतार आणि वारा यांचा परिणाम निघून जातो. एकदा केलेल्या चाचणीवरून वर्कशॉपशी वाद घालण्यात अर्थ नाही.

पहिल्या प्रयोगात ताशी ६० किलोमीटर वेगाला ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण उचलावा, ब्रेकला हात न लावता वेग ४० वर येईपर्यंतची सेकंदे मोजावीत आणि चार्जिंगचा काटा कुठवर जातो ते पाहावे. दुसऱ्या प्रयोगात त्याच वेगापासून ब्रेक अगदी हलका आणि एकसारखा दाबून गाडी थांबवावी. पाय उचलल्यावरची मंदगती आणि पेडल दाबल्यावरची मंदगती यांचे मार्ग वेगळे असतात आणि त्यांतील फरकच येथे मोलाचा असतो. दोन्ही कमी झाल्या असतील तर संशय बॅटरी, इन्व्हर्टर (बॅटरी आणि मोटर यांच्यामधली वीज बदलून देणारा भाग) किंवा मोटर यांच्या बाजूला जातो. पाय उचलल्यावर गाडी पूर्वीसारखीच वागते पण पेडल दाबल्यावर गडबड होते, तर पेडलचा सेन्सर, ब्रेकचा संगणक किंवा ब्रेक ऑइलची यंत्रणा तपासायला हवी. पाय उचलल्यावर गाडी पूर्वीपेक्षा लवकर मंदावते आणि काटा मात्र कमी हलतो, या तिसऱ्या प्रकाराकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तिथे एखादा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकलेला असणे किंवा चाकांचे अलाइनमेंट चुकलेले असणे अधिक संभवते, कारण जी ऊर्जा बॅटरीत जायची ती चाकापाशीच उष्णता होऊन जाते.

म्हणूनच तिसरा प्रयोग उष्णतेचा करावा. दहा-पंधरा मिनिटे शांतपणे, जोराचा ब्रेक न लावता गाडी चालवून थांबवावी आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही डिस्कचे तापमान घ्यावे. डिस्कला हात लावून पाहू नये. फक्त पुढच्या चाकांना मोटर जोडलेल्या गाडीत ऊर्जा त्या चाकांतूनच परत मिळते, त्यामुळे हलक्या ब्रेकिंगनंतर पुढच्या डिस्क तुलनेने गार असायला हव्यात. डावी-उजवी यांपैकी एकच तापली असेल तर त्या चाकाचा कॅलिपर किंवा बेअरिंग पाहावे. दोन्ही सारख्या तापल्या असतील तर मोटरच्या वाट्याचे काम घर्षणावर पडते आहे असा अर्थ निघतो.

थरथर किंवा एका बाजूला ओढण्याची तक्रार असेल तर आणखी एक उपाय आहे, पण तो तंत्रज्ञ सोबत असताना, बंद आवारात आणि कमी वेगातच करावा. गिअर न्यूट्रलमध्ये टाकला की मोटर वीज निर्माण करत नाही आणि ब्रेकिंग पूर्णपणे घर्षणाचे होते. न्यूट्रलमध्येही थरथर तशीच राहिली तर दोष डिस्क, पॅड किंवा सस्पेन्शनमध्ये आहे. ती नाहीशी झाली तर दोष वाटणीत किंवा मोटरकडून घर्षणाकडे होणाऱ्या बदलात आहे.

धडक कुठे बसली होती

यानंतर अपघाताचे स्वरूप आठवावे, कारण पुढून आणि मागून बसलेल्या धडकेत दुखावणारे भाग निराळे असतात. पुढच्या धडकेत रेडिएटरजवळच इन्व्हर्टर गार ठेवणारी कूलंटची वेगळी शाखा असते. ती भरताना हवा अडकून राहिली किंवा तिचा छोटा पंप चालत नसला की इन्व्हर्टर तापतो आणि प्रणाली शक्ती कमी करते. गाडी पहिली काही मिनिटे उत्तम आणि नंतर हळूहळू बिघडत जाते, ही त्याची ओळख. ब्रेकचा ॲक्च्युएटर (संगणकाच्या आज्ञेने ऑइलचा दाब तयार करणारा आणि सोडणारा भाग) आणि त्याचे पाइपही याच भागात असतात. पाइप बदलला असेल तर ब्रेकमधली एअर काढण्याची पद्धत साध्या गाडीसारखी, म्हणजे एकाने पेडल मारायचे आणि दुसऱ्याने निपल सोडायचे अशी, पुरेशी ठरत नाही. अनेक मॉडेलांत स्कॅनरमार्फत (गाडीच्या संगणकाला जोडायच्या तपासणी यंत्रामार्फत) वाल्व आणि पंप क्रमाने चालवावे लागतात. पेडल मऊ लागणे आणि ब्रेक उशिरा पकडणे यामागे राहून गेलेली हवा असण्याची शक्यता मोठी असते. काही गाड्यांत दाराची हालचाल होताच ब्रेकचा संगणक जागा होऊन पंप दाब तयार करतो, त्यामुळे हे काम घरच्या घरी करून पाहण्याचे नाही.

नवीन गाड्यांत पुढच्या बंपरमागचा रडार किंवा काचेवरचा कॅमेरा पुढच्या वाहनाचे अंतर पाहून मंदगती आपोआप कमी-जास्त करतो. बंपर बदलल्यावर रडारची दिशा जुळवली नसेल तर गाडी मोकळ्या रस्त्यावर उगाच मंदावते किंवा पुढे वाहन असूनही मंदावत नाही, आणि मालक दोष मात्र ब्रेकला देतो.

मागच्या धडकेत लक्ष बॅटरीकडे जायला हवे. ती पुष्कळ गाड्यांत मागच्या सीटखाली किंवा डिकीत असते आणि तिला हवा पुरवणारा पंखा व नळी तिथेच असतात. नळी नीट बसवली नाही, किंवा सीटजवळच्या जाळीवर गालिचा आला, तर बॅटरी तापते आणि चार्जिंग स्वीकारणे कमी करते. रंग वाळवण्याच्या भट्टीची उष्णताही बॅटरीला मानवत नाही. उत्पादकांच्या दुरुस्ती पुस्तिकांत तापमानाची आणि वेळेची मर्यादा दिलेली असते व ती पाळली का हे विचारायला संकोच करू नये.

कडेच्या धडकेत चाक, हब आणि त्यांतील वेगाचा सेन्सर सापडतो. हबच्या बेअरिंगमध्येच चुंबकीय पट्टी असलेल्या प्रकारात बेअरिंग उलटे बसवले तर सेन्सरला वेग कळतच नाही. दोनच टायर नवे टाकले असतील, तेही वेगळ्या मापाचे, तर चाकांच्या वेगात कायमचा फरक दिसू लागतो. चाक घसरते आहे असा समज झाला की संगणक मोटरचे ब्रेकिंग लगेच कमी करतो.

शून्य जुळवण्याचे राहून गेलेले काम

माझ्या मते दिवा न लावता ब्रेकिंग बिघडवणाऱ्या कारणांत हे सर्वांत दुर्लक्षित आहे. स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर, गाडीचे वळणे आणि मंदावणे मोजणारा सेन्सर, पेडलच्या सरकण्याचा सेन्सर यांना ‘शून्य म्हणजे काय’ हे शिकवावे लागते. अलाइनमेंट केल्यावर, ब्रेकचा ॲक्च्युएटर किंवा संगणक बदलल्यावर, पेडलची चौकट हलवल्यावर, आणि काही मॉडेलांत बारा व्होल्टची बॅटरी सोडवल्यावरही हे काम पुन्हा करावे लागते. ब्रेकचा दाब नेमका सोडणाऱ्या वाल्वची मूळ स्थितीही टोयोटासारख्या प्रणालींत वेगळी शिकवली जाते.

काम स्कॅनरवर काही मिनिटांचे आहे, पण त्याच्या अटी कडक आहेत. गाडी सपाट जमिनीवर आणि पूर्ण स्थिर असावी, स्टिअरिंग सरळ असावे, सांगितल्याशिवाय पेडलला पाय लागू नये आणि कोणी गाडीला टेकू नये. उतरत्या फरशीवर हे काम उरकले तर संगणक तो उतारच शून्य समजतो, आणि मग गाडी किती मंदावते आहे याचा त्याचा अंदाज प्रत्येक वेळी थोडा चुकत राहतो. पेडलचे शून्य चुकले तर पाय टेकवण्याआधीच थोडी मागणी आहे असे त्याला वाटते किंवा सुरुवातीची मागणी त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. ‘आधी काहीच नाही आणि मग एकदम’ ही तक्रार असेल तर मी सर्वप्रथम येथेच पाहीन.

स्कॅनरवर काय पाहायला सांगावे

कोड (संगणकाने नोंदलेले दोषाचे क्रमांक) नाहीत म्हणजे दोष नाही, असे समजू नये. पण कोड असतील तर ते पुसण्याआधी कागदावर घ्यावेत. बॅटरीची तार काढून दिवा घालवण्याचा जुना इलाज हायब्रिडमध्ये दुप्पट नुकसान करतो, कारण त्यात दोष नोंदला गेला तेव्हाचा वेग, तापमान आणि बॅटरीची स्थिती ही साक्षही पुसली जाऊ शकते. इंजिनापुरता वाचणारा स्वस्त स्कॅनर येथे उपयोगाचा नाही. ब्रेक आणि हायब्रिड या दोन्ही संगणकांत जाणारा हवा. टोयोटाच्या काही गाड्यांत ‘सी १२५९’ हा कोड ब्रेकच्या बाजूला उमटतो, पण त्याचा अर्थ हायब्रिड प्रणालीकडून मिळणाऱ्या ब्रेकिंगमध्ये बिघाड आहे असा असतो, म्हणजे मूळ कारण दुसऱ्या संगणकात शोधायचे असते. ‘पी०एए६’ हा कोड उच्च व्होल्टच्या वायरिंगचे इन्सुलेशन (वीज बाहेर झिरपू न देणारे आवरण) कमी झाल्याचे सांगतो आणि तो कधीही पुढे ढकलू नये.

चालत्या गाडीत दोन आकडे शेजारी शेजारी पाहायला सांगावेत: ब्रेकच्या संगणकाने मोटरकडे मागितलेले बळ आणि मोटरने प्रत्यक्ष दिलेले बळ. बहुतेक उत्पादकांच्या स्कॅनरमध्ये ते कोणत्या तरी नावाने मिळतात. मागणीच कमी असेल तर ब्रेकच्या बाजूचे सेन्सर आणि चाकांचे वेग पाहावेत. मागणी भरपूर पण पुरवठा अपुरा असेल तर बॅटरी या क्षणी किती किलोवॉट घ्यायला तयार आहे तो तिसरा आकडा पाहावा. त्या आकड्यांचा फोटो काढून ठेवला की ‘असेच असते’ या उत्तराला जागा राहत नाही. सोबत दुरुस्तीपूर्वीच्या आणि नंतरच्या स्कॅनचे अहवाल, अलाइनमेंटचा छापील कागद, कोणत्या सेन्सरचे शून्य जुळवले त्याची नोंद आणि इन्सुलेशनच्या मोजणीचा आकडा मागावा.

गाडी केव्हा चालवू नये

लाल ब्रेकचा दिवा, दाबून ठेवले असता हळूहळू खाली जाणारे पेडल, ब्रेक न लावताही थोड्या थोड्या वेळाने चालू होणारा पंप, जळका वास किंवा सोललेली नारिंगी केबल यांपैकी काहीही दिसले तर चाचण्या थांबवून गाडी उचलून न्यावी. ब्रेकचा संगणक बंद पडला तरी पायाचे बळ थेट ऑइलमार्गे काही चाकांपर्यंत पोहोचेल अशी सोय असते, पण तेव्हा पेडल फार जोराने दाबावे लागते आणि थांबायला अंतर पुष्कळ जास्त लागते. नारिंगी केबल म्हणजे उच्च व्होल्ट. तिला मालकाने हात लावू नये, आणि प्रशिक्षित तंत्रज्ञही सर्व्हिस प्लग (उच्च व्होल्टची जोडणी तोडणारा प्लग) काढल्यावर पुस्तिकेत दिलेली मिनिटे थांबून, व्होल्ट मोजूनच पुढे काम करतो.

दुरुस्ती झाल्यावर तोच रस्ता, तोच वेग आणि बॅटरीची तीच पातळी ठेवून पहिले दोन प्रयोग पुन्हा करावेत, एकदा गाडी गार असताना आणि एकदा तासभर चालल्यावर. मायलेजवरून निकाल लावायची घाई मात्र करू नये. सरासरीचा आकडा पुसला गेलेला असतो, नवे पॅड आणि नवे टायर अजून रुळायचे असतात. तीन-चार टाक्या भरून झाल्यावर, टायरमधली हवा सारखी ठेवून काढलेली सरासरीच जुन्या आकड्याशेजारी ठेवता येते.